लॉकर, काटा पावती आणि बारा शब्द

प्रश्न : ताई, मी दिंडोरी तालुक्यातला शेतकरी. साडेचार एकर थॉमसन द्राक्षं आहेत. यंदा एक्स्पोर्टचा माल बरा गेला, सोसायटीचं कर्ज फेडून दोन लाख बाजूला राहिले. मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, "बिटकॉइनचा ईटीएफ घे. बिटकॉइनच आहे तो, फक्त कटकट नाही." पुतण्या नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "काका, ईटीएफ म्हणजे नुसता कागद. मोबाईलवर खरा बिटकॉइन घ्या." दोघंही माझ्या भल्याचंच सांगतात. खरं कोणाचं धरू? आणि ईटीएफ घेतला तर पुढेमागे माझा बिटकॉइन मला हातात मिळेल का?

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही मिळणार. ईटीएफ म्हणजे शेअर बाजारात विकला जाणारा फंड. त्याचं युनिट, म्हणजे त्यातला तुमचा हिस्सा, विकलं की डॉलर मिळतात, बिटकॉइन मिळत नाही. फंडाच्या दारात जाऊन "माझ्या वाट्याचा माल द्या" असं तुम्हाआम्हाला म्हणता येत नाही. फंडाशी असा थेट व्यवहार काही ठरावीक बड्या संस्थाच करतात, आणि तोही हजारो युनिटांच्या गठ्ठ्याने.

पण म्हणून तो 'नुसता कागद' आहे, हे पुतण्याचं म्हणणंही मला पटत नाही. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने १० जानेवारी २०२४ ला ज्या स्पॉट बिटकॉइन ईटीएफना परवानगी दिली, ते खरोखरचा बिटकॉइन विकत घेऊन ठेवतात. ११ जानेवारीपासून त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. इथर या दुसऱ्या डिजिटल चलनाचे तसेच फंड त्याच वर्षी जुलैत आले. तुमच्या युनिटमागे बिटकॉइनचा ढीग असतो. फक्त त्या ढिगाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नाही, फंडाकडेही बहुधा नाही. ती कस्टोडियन नावाच्या तिसऱ्याच कंपनीकडे असते. अमेरिकेतल्या बहुतेक स्पॉट फंडांनी सुरुवातीला हे काम कॉइनबेस या एकाच कंपनीला दिलं. फिडेलिटीने ते आपल्याच समूहात ठेवलं.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, शेवटची नऊ सराफ बाजाराजवळच्या शाखेत, लॉकर सांभाळत. त्यामुळे कोणी पैशाच्या नव्या वस्तूबद्दल विचारलं की मी पहिल्यांदा किल्लीच शोधते. तुमच्यापुढे मावसभावाची आणि पुतण्याची अशा दोन वाटा दिसतात, पण किल्लीच्या हिशेबाने त्या तीन आहेत. पुतण्या ज्याला 'खरा बिटकॉइन' म्हणतो, त्यातच दोन प्रकार दडलेले आहेत आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

त्यातला पहिला प्रकार तुमच्या बागेवरूनच समजेल. व्यापारी बागेत येतो, मणी बघतो, साखर बघतो, सौदा ठरतो. क्रेट भरतात, पिकअप काट्यावर जाते. माल गेला. तुमच्या हातात उरते काटा पावती. त्यावर तुमचं नाव आहे, वजन आहे, भाव आहे, सगळं खरं आहे. पण द्राक्षं त्याच्याकडे आणि पैसेही त्याच्याकडे. तो माणूस चांगला असेल तर आठ-पंधरा दिवसांत हिशेब मिटतो. नसेल तर काय होतं ते मी तुम्हाला काय सांगू, पैसे बुडवून व्यापारी पसार झाल्याच्या तक्रारी तुमच्या भागाला नव्या नाहीत. ॲपवर बिटकॉइन घेऊन तो तिथेच ठेवणं म्हणजे ही काटा पावती. स्क्रीनवर तुमच्या नावापुढे आकडा दिसतो, पण किल्ली एक्सचेंजकडे, म्हणजे हा खरेदी-विक्रीचा बाजार चालवणाऱ्या कंपनीकडे. जपानमधलं माउंट गॉक्स हे एक्सचेंज २०१४ मध्ये बुडालं. त्याच्या ग्राहकांना बिटकॉइनच्या रूपात काही परत मिळायला जुलै २०२४ उजाडला. दहा वर्षं. एफटीएक्स हे एक्सचेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये काही दिवसांत कोसळलं. आपल्याकडच्याही एका एक्सचेंजच्या वॉलेटवर, म्हणजे डिजिटल तिजोरीवर, जुलै २०२४ मध्ये दरोडा पडला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो, म्हणजे अशी डिजिटल चलनं, गेली. त्यात पै-पै साठवून टाकलेली माणसं होती. त्यांनी कुठलीही चूक केली नव्हती, फक्त माल दुसऱ्याच्या गाडीत ठेवला होता.

दुसरा प्रकार खऱ्या मालकीचा. एक्सचेंजवरून बिटकॉइन काढून स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्यायचा. तिथे किल्ली म्हणजे एक गुप्त आकडा, आणि तो परत उभा करता यावा म्हणून बारा किंवा चोवीस साधे इंग्रजी शब्द. ते शब्द ज्याच्याकडे, बिटकॉइन त्याचा. नाव, आधार, सही, कशाचाही संबंध नाही. काही भारतीय ॲप माल असा बाहेर काढूच देत नाहीत. पुतण्याला पहिला प्रश्न हाच विचारा : घेतलेला बिटकॉइन या ॲपमधून माझ्या वॉलेटमध्ये काढता येतो का? येत नसेल तर तो 'खरा बिटकॉइन' म्हणतो ते सोडून द्यायला सांगा.

आता या दुसऱ्या प्रकाराचं वजन कळावं म्हणून एक प्रसंग सांगते. पंचवटीतल्या एक आजी आमच्या शाखेत लॉकरला यायच्या. वर्षातून दोनदा, दिवाळीआधी आणि लग्नसराईत. त्या गेल्या आणि किल्ली सापडेना. दोन्ही मुलींनी घर पालथं घातलं, देवघर, धान्याच्या कोठ्या, जुन्या पर्सा. शेवटी कायद्याप्रमाणे कागद झाले, लॉकर कंपनीचा कारागीर आला, पंच बसले. ड्रिल लागलं तशी लोखंडाचा बारीक चुरा खाली टाकलेल्या वर्तमानपत्रावर पडायला लागला आणि त्या बंद खोलीत जळका वास भरला. धाकटी मुलगी पदर नाकाला लावून भिंतीशी उभी होती. दार निघालं. आत पितळी डबा, त्यात दोन पाटल्या, मोहनमाळ आणि मुलींच्या जन्मवेळांचे दोन कागद. मोठीने पाटल्यांना हात लावला नाही, आधी तो कागद उचलला. सगळ्याला मिळून दोन महिने गेले, खर्च झाला, पण वस्तू मिळाली.

बिटकॉइनला असं ड्रिल नाही, दादा. शब्द हरवले, किंवा ते सांगायच्या आधीच माणूस गेला, तर तो बिटकॉइन साखळीवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या खुल्या वहीत, सगळ्या जगाला दिसत राहतो आणि कोणालाही उघडता येत नाही. कुठलं कोर्ट, कुठला मॅनेजर, कुठला कारागीर तो उघडू शकत नाही. तुमच्या पत्रात वहिनींचा उल्लेख नाही. पण हे बारा शब्द वहिनींना समजावून सांगता येतील का, आणि त्या ते जपतील का, याचं उत्तर तुमच्याजवळ हवं.

ईटीएफमध्ये ही धास्ती नाही. पासवर्ड विसरला तर ब्रोकर ओळख पटवून खातं उघडून देतो. माणूस गेला तर वारस कागदपत्रं देऊन युनिट आपल्या नावावर करून घेतात. अमेरिकी ब्रोकर बुडाला तर खात्यातल्या रोख्यांना तिथल्या संरक्षण संस्थेचं पाच लाख डॉलरपर्यंत कवच असतं. भाव पडला तर मात्र काही नाही. ही मोठी सोय आहे, आणि मावसभाऊ जे 'कटकट नाही' म्हणतो ते तिथे बसून त्याला अगदी खरं आहे.

या सोयीचं भाडं पडतं. ब्लॅकरॉक कंपनीचा आयबिट हा बिटकॉइन ईटीएफ वर्षाला पाव टक्का घेतो, ग्रेस्केल कंपनीचा जुना बिटकॉइन फंड जीबीटीसी ईटीएफ झाल्यावरही दीड टक्का घेत राहिला. हे पैसे तुमच्याकडे कोणी मागायला येत नाही. फंड आपल्या ढिगातला थोडाथोडा बिटकॉइन विकून ते भागवतो. म्हणजे प्रत्येक युनिटमागचा बिटकॉइन गुपचूप कमी होत जातो : पाव टक्क्याने दहा वर्षांत साधारण अडीच टक्के, दीड टक्क्याने तब्बल चौदा टक्के. कोल्ड स्टोरेजला ठेवलेल्या बेदाण्याचं भाडं माणसाने रोज मूठभर बेदाणा काढून वसूल करावं, तसं. शिवाय फंड न्यूयॉर्कच्या वेळेत चालतो, आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात संध्याकाळी सात ते रात्री दीड, हिवाळ्यात आठ ते अडीच. शनिवार-रविवार बंद. बिटकॉइनला सुट्टी नसते. शनिवारी रात्री तो घसरला तर ईटीएफवाला सोमवार संध्याकाळपर्यंत नुसता बघत बसतो.

आता इथल्या कायद्याचं. भारतात सेबीने क्रिप्टोच्या कुठल्याही ईटीएफला परवानगी दिलेली नाही. मावसभावासारखा फंड घ्यायचा तर पैसे बँकेतून एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, पाठवावे लागतील. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलरची आहे आणि २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, दहा लाखांच्या वर लागतो, त्यामुळे तुमच्या दोन लाखांना ती अडचण नाही. अडचण वेगळी आहे. "हे पैसे क्रिप्टोसाठी वापरणार नाही" असं अनेक बँका एलआरएसच्या अर्जावर लिहून घेतात. ते न वाचता सही करू नका. क्रिप्टोचा ईटीएफ चालेल का, हे बँकेकडून आणि ब्रोकरकडून लेखी घ्या, आणि नफ्यावर कर कोणत्या कलमाखाली भरायचा ते सीएकडून लेखी घ्या. तोंडी "चालतं हो" यावर पैसे पाठवू नका.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण ती शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून तुम्ही विवरणपत्र भरत नसाल. पण परदेशात एक युनिट जरी तुमच्या नावावर असलं, तरी उत्पन्न कितीही असो, विवरणपत्र भरणं बंधनकारक होतं, आणि त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावं लागतं. साधा एक नंबरचा फॉर्म त्याला चालत नाही. हे राहिलं आणि परदेशातली रक्कम मोठी असली तर काळ्या पैशाच्या कायद्याशी गाठ पडते. मावसभावाला हे माहीत असायचं कारण नाही, तो तिथला रहिवासी आहे.

थेट बिटकॉइनचा कर उलट स्वच्छ आहे आणि कडक आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि त्यावर चार टक्के उपकर. समजा दोन लाखांचा घेतला, दोन लाख साठ हजाराला विकला. नफा साठ हजार, कर १८,७२०. विकताना एक टक्का टीडीएस, म्हणजे २,६०० आधीच कापले जातील, ते नंतर कराच्या हिशेबात वळते होतात. पण त्याच वर्षी इथरमध्ये चाळीस हजार बुडाले असतील तर ते या साठ हजारातून वजा होत नाहीत, पुढच्या वर्षीही नेता येत नाहीत. नफ्यात सरकारचा वाटा, तोटा सगळा तुमचा.

माझं मत विचारलंत तर : हे दोन लाख ऑक्टोबरच्या छाटणीचे, डिपिंगचे, मजुरीचे आहेत का, ते आधी वहीत बघा. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६८ हजार डॉलरच्या वर होता आणि वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला. असं पुन्हा झालं आणि नेमकी छाटणी तोंडावर असली, तर भाव कितीही पडलेला असो, तुम्हाला विकावं लागेल. ईटीएफ असो की वॉलेट, त्यात फरक पडत नाही. छाटणीचे पैसे वगळून जे उरेल त्यातले दहा-वीस हजार, गेले तरी घरात भांडण होणार नाही इतके, पुतण्याकडून शिकत थेट घेतलेत तर माझी हरकत नाही. एक्सचेंज सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेलं हवं आणि माल बाहेर काढता यायला हवा. परदेशी ईटीएफसाठी मात्र दोन लाखांवर बँकेचे चार्जेस, डॉलर बदलण्याचा खर्च, सीएची फी आणि दरवर्षीचं ते विवरणपत्र, हे ओझं मला तुमच्या रकमेला जड वाटतं.

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहते. यजमान चार महिन्यांपूर्वी अचानक गेले. अंबडला कंपनीत होते. त्यांच्या डायरीत शेवटच्या पानावर बारा इंग्रजी शब्द लिहिलेले सापडले, ओळीने, आकडे घालून. काहीच अर्थ लागत नाही. मुलगा म्हणतो हे क्रिप्टोचं असावं. एका माणसाने 'पैसे काढून देतो, शब्द पाठवा' म्हटलं आहे. पाठवू का?

उत्तर : ताई, पाठवू नका. आज नाही, उद्या नाही, कोणालाच नाही. मी वरच्या उत्तरात ज्या किल्लीबद्दल लिहिलं आहे ती बहुतेक हीच. २,०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, त्यातले बारा विशिष्ट क्रमाने लिहिले की वॉलेट उघडतं. ज्याने मागितले तो ते मिळाल्यावर काही मिनिटांत सगळं स्वतःकडे वळवू शकतो, आणि गेलेलं परत आणायची सोय या जगात कुठेच नाही. पोलीस तक्रार घेतील, पण बिटकॉइन येणार नाही.

ते पान फाडू नका, फोटो काढू नका. फोटो मोबाईलमधून आपोआप इंटरनेटवर चढू शकतो. तुम्ही स्वतः किंवा मुलाने एका कोऱ्या कागदावर, आकड्यांसकट, स्पेलिंग जसंच्या तसं उतरवून घ्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं. एक प्रत घरात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. मग त्यांचं टेबल, बॅग, गाडीची डिकी बघा. पेन ड्राइव्हसारखं दिसणारं, छोटा पडदा असलेलं यंत्र मिळालं तर ते हार्डवेअर वॉलेट असेल, तेही जपून ठेवा.

आत काही आहे का, हे शब्दांना हात न लावताही थोडंफार कळतं. आयकर पोर्टलवर तुम्ही कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करू शकता. तिथे त्यांच्या वार्षिक माहिती पत्रकात आभासी मालमत्तेच्या व्यवहारांवर कापलेला एक टक्का टीडीएस दिसतो. तो दिसला तर त्यांनी बहुधा भारतीय एक्सचेंजवर काही विकलं होतं. बँकेच्या पासबुकात एक्सचेंजच्या नावाने पैसे गेलेत का तेही बघा. एक्सचेंजवर शिल्लक असेल तर तिथे मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद देऊन रीतसर अर्ज करता येतो. तो रस्ता वेगळा, त्याला हे शब्द लागत नाहीत आणि एक्सचेंजने कधी ते मागू नयेत. मागितले तर तो एक्सचेंजच नव्हे, असं समजा.

शब्द वापरून बघायचेच असतील तर घाई नको. नवीन हार्डवेअर वॉलेट थेट बनवणाऱ्या कंपनीकडून मागवायचं, जुनं किंवा कोणाचं वापरलेलं नको, आणि शब्द त्या यंत्रावरच भरायचे. कॉम्प्युटरवर, वेबसाइटवर, फोनच्या कीबोर्डवर नाही. मुलाने हे दिवसा, शांत डोक्याने, तुम्हाला शेजारी बसवून करावं. आत काही निघालं तर ते सगळ्या वारसांचं आहे, हे मुलालाही आधीच सांगा.

त्यांनी ते शब्द मागच्या पानावर लिहून ठेवले, तुमच्या हाती लागतील अशा जागी. ते तुमच्यासाठीच लिहिले असतील, असं मला वाटतं.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकरोडला प्रेसमधून निवृत्त झालो. सोन्याचा ईटीएफ आपल्याकडे २००७ पासून आहे, माझ्याकडेही थोडा आहे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण 'भारतीय क्रिप्टो ईटीएफ' देतो, किमान पंचवीस हजार. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका. असा ईटीएफ भारतात अस्तित्वातच नाही. तुमचा सोन्याचा फंड सेबीच्या नियमाखाली चालतो, सोनं कस्टोडियनकडे असतं, युनिट तुमच्या डिमॅटमध्ये दिसतं. क्रिप्टोला यातलं काहीच इथे लागू नाही.

अमेरिकेतसुद्धा ईटीएफ या एका नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे आलेला पहिला बिटकॉइन ईटीएफ बिटकॉइन घेतच नव्हता, फ्युचर्सचे, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे, सौदे घेत होता. दर महिन्याला जुना सौदा विकायचा आणि बहुतेक वेळा जरा महागाने पुढचा घ्यायचा, त्यामुळे भाव चढला तरी फंड मागे राहायचा. नाव सारखं असलं म्हणून आतला माल सारखा असेलच असं नाही.

त्या माणसाला फंडाचा सेबी नोंदणी क्रमांक आणि कस्टोडियनचं नाव विचारा आणि ते उत्तर ग्रुपवर सगळ्यांसमोर द्यायला सांगा. तुमच्या ग्रुपमध्ये निवृत्तीचे पैसे हातात असलेली बरीच माणसं असणार. कोणी आधीच पैसे पाठवले असतील तर त्यांना १९३० या सायबर हेल्पलाइनला आजच फोन करायला लावा. पैसे बँकेच्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात.